शेवटची सोळा पानं

दुकान नंबर अकरा, नेरूळ, सेक्टर सहा.
शेजारी पिठाची चक्की.
त्यामुळे माझी पुस्तकं रोज थोडी थोडी म्हातारी होतात
आणि रोज सकाळी मी फडक्यानं त्यांचं वय उतरवतो.

केळशीकर येतात महिन्याच्या दोन तारखेला,
पेन्शनचा मेसेज खिशात अजून गरम असताना.
पुस्तक उघडतात ते मागून.
आधी किंमत, मग मुद्रक, मग आवृत्ती,
मग नाकाजवळ नेतात डोळे मिटून,
सुरमईचे कल्ले उचलून बघावेत तसं.
"सत्त्याऐंशी साली हे बावीस रुपयांना होतं,"
जणू महागाई मीच आणली.
वीस टक्के सूट मागतात, पंधरावर रुसतात,
आणि नऊ पुस्तकं घेतात.
त्यातलं एक घरी आहे, हे त्यांनाही ठाऊक असतं.
मुखपृष्ठ वेगळं आहे ना, म्हणतात.
सहा स्कूटरच्या डिकीत,
तीन भाजीच्या पिशवीत, वर मेथी.
घरी विचारतात, वाचणार कधी?
याचं उत्तर मेथीनंच द्यायचं.

कुंदाताई तांडेल सारसोळ्याच्या.
त्या पुस्तकासाठी येत नाहीत, दळणासाठी येतात.
एकदा चक्कीचा पट्टा तुटला. तास तरी लागणार होता.
डबा माझ्या पायरीवर ठेवून म्हणाल्या,
"एखादं द्या. जाड नको. मारामारी नको.
अक्षर ठसठशीत पायजे."
हाताला लागलं ते दिलं.
त्यांनी छापलेली किंमत वाचली, तेवढे पैसे मोजले.
सूट असते हे त्यांना माहीत नव्हतं.
मीही सांगितलं नाही.
आज पहिल्यांदा कबूल करतोय.

वर्षभरानं तेच पुस्तक घेऊन आल्या.
कॅलेंडरच्या पानाचं कव्हर,
पुढच्या बाजूला मार्च, होळीचा लाल आकडा.
आतली पानं धुतल्यासारखी मऊ.
"याच्यापुढचं द्या."
"पुढचं नाही ताई, हे एकच आहे."
"असं कसं? ती शिलाई मशीन विकते,
लोक टेम्पोत चढवतात, ती टेम्पोमागं जाते, आणि.
'आणि'वर कोण पुस्तक संपवतं?"

पाहिलं. एकशे साठनंतर थेट पुठ्ठा.
शेवटचा फर्मा बांधायचाच राहिलेला.
वर्षभर ही बाई
एका 'आणि'वर उभी होती.

दोन तारीख होती. केळशीकर होतेच.
"दुसरी आवृत्ती!" लांबूनच ओळखलं त्यांनी.
"बाइंडरनं घोळ घातला होता तेव्हा.
माझ्याकडे पहिली आहे, कापडी बांधणी. पूर्ण."
कुंदाताईंचा चेहरा उजळला,
माहेरच्या गावचं कुणी भेटावं तसा.
"मंग मिलाली का मशीन तिला?"

चक्की चालू होती.
केळशीकरांनी चष्मा काढला, पुसला,
पुन्हा पुसला. त्यावर पीठ असेल. नसेलही.
ते पुस्तक त्यांनी माझ्या वडिलांकडून घेतलेलं,
चौऱ्याण्णव साली. बिल मीच फाडलं होतं.
"बघून सांगतो," म्हणाले.
नऊ पुस्तकं टेबलावर तशीच राहिली.

तीन तारखेला आले.
तीन तारखेला ते कधीच येत नाहीत.
डोळे तांबडे. हातात कापडी बांधणीची प्रत,
पाठ आयुष्यात पहिल्यांदा मोडलेली,
मध्ये खूण म्हणून मेथीची काडी.
"त्यांना द्या. परत नको मला."
मी विचारलं, मिळाली का मशीन?
माझ्याकडे असे बघितले की
मी उगाच बिलबुक उघडलं.

कुंदाताई अजून आल्या नाहीत.
एक डबा त्यांना पंधरा दिवस पुरतो.
प्रत गल्ल्याशेजारी आहे.
मी शेवटची पानं मोजली, बरोबर सोळा.
वाचली नाहीत.
चाळीस वर्षं पुस्तकं विकतोय,
रांगेत नंबर कुणाचा, एवढं कळतं.
वर पीठ बसतं,
ते तेवढं पुसतो.